लिनक्सवर माइंड मॅप : खर्च किती, कुठे आणि कशाचा?

माइंड मॅपचं सॉफ्टवेअर निवडताना आपण आधी किंमत बघतो. पण त्यात भरलेलं काम उद्या दुसरीकडे नेता येईल का, हे आधी बघायला हवं. वर्गणी थांबली आणि दोन वर्षांच्या नोंदी अडकल्या, तर तो तोटा पैशांत मोजता येत नाही. लिनक्स डेस्कटॉपवर सहज मिळणाऱ्या तीन पर्यायांचा हा हिशोब.

फ्रीप्लेन : ० रुपये
फ्रीमाइंड या जुन्या प्रकल्पातून निघालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. फांद्या, टिपा, सूत्रं, स्क्रिप्ट सगळं खुलं, एकही सोय पैशांसाठी राखून ठेवलेली नाही. त्याला जावा लागतं. डेबियन किंवा उबुंटूच्या भांडारातून घेतलं तर तेही सोबत येतं, फुकटच. इथे खर्च होतो तो वेळ. मेनू भरगच्च आहेत, रूप जुन्या वळणाचं आहे. रुळायला थोडे दिवस द्या.

माइंडर : ० रुपये किंवा स्वेच्छेने
एलिमेंटरी ओएससाठी तयार झालेलं, तेही मुक्त. दिसायला नीटस, शिकायला सोपं. एलिमेंटरीच्या ॲपसेंटरमध्ये रक्कम तुम्ही ठरवायची. फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या भांडारातून थेट फुकट. मात्र फ्लॅटपॅक पहिल्यांदाच वापरत असाल, तर पूरक फाइलींसाठी काहीशे एमबी डेटा जाईल. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर हे लक्षात ठेवा.

एक्समाइंड : मर्यादित वापर फुकट, पुढे वर्गणी
मांडणी सर्वांत देखणी. पण फुकट आवृत्तीतून काढलेल्या चित्रावर कंपनीचा शिक्का उमटतो. ग्राहकाला किंवा वर्गात दाखवायचं असेल तर वर्गणी आलीच. पाच वर्षांचा खर्च कळायला वर्षाची रक्कम पाचने गुणा आणि मग ठरवा. पैसे डॉलरमध्ये जात असतील तर बँकेचं परकीय चलनाचं शुल्कही धरा.

पैसे भरण्याआधी दहा मिनिटांची चाचणी
तिन्हींत एकच नकाशा काढा. मधोमध ‘लग्नाची तयारी’ लिहा. टॅब दाबा, ‘कार्यालय’ लिहा. एंटर दाबून पुढे ‘आचारी’, ‘पत्रिका’, ‘वऱ्हाडाची बस’. टॅबने पोटफांदी, एंटरने शेजारची फांदी, हे तिन्हीकडे सारखंच. आता पीडीएफ काढा आणि ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ बघा. तो फुटला असेल तर आधी देवनागरीचा दुसरा फाँट लावून बघा. तरीही फुटला तर मराठी कामासाठी ते सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही.

मग फ्रीप्लेनची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. ओळीओळीत तुमच्या फांद्यांची रचना दिसेल, कारण ती साधी एक्सएमएल फाइल आहे. उद्या फ्रीप्लेन नसलं तरी मजकूर तुमच्या हातात राहतो. माइंडरमधून फ्रीमाइंडच्या स्वरूपात निर्यात करता येते, म्हणजे तिथूनही वाट मोकळी. एक्समाइंडची फाइल ही एक झिप असते. मजकूर आत असतो, पण काढायला खटपट पडते.

काय घ्यावं?
अभ्यास, संशोधन, वर्षानुवर्षांच्या नोंदी : फ्रीप्लेन. घरगुती आखणी, झटपट टिपणं : माइंडर. सादरीकरण हाच व्यवसाय असेल आणि वर्गणी कामातून वसूल होत असेल, तर एक्समाइंड. पण महिन्यातून एकदा सगळे नकाशे खुल्या स्वरूपात काढून ठेवा. आणि फुकटचं सॉफ्टवेअर वर्षभर उपयोगी पडलं, तर जमेल तेवढी देणगी त्या प्रकल्पाला जरूर पाठवा. ते टिकलं, तरच आपलं काम चालू राहणार आहे.