टेबलावर चाललं, विहिरीवर अडलं

टेबलावर दिवा लुकलुकला, मोबाइलवर मेसेज आला, की यंत्र तयार झालं असं वाटतं. ते विकायला काढायचं म्हटलं की खरं काम सुरू होतं. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातली मुलं कधी कधी प्रोजेक्ट घेऊन महाडजवळच्या आमच्या नाते गावात येतात. त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितो.

आमच्या वाडीची विहीर गांधारी नदीच्या काठाला आणि टाकी वरच्या अंगाला. मोटर चालू करायला पाणी सोडणारा माणूस भर पावसात, काळोखात, विंचू-किरडाच्या वाटेने खाली उतरायचा. मोबाइलवरून पंप चालवणं काही नवं नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ शेतकऱ्यांकडे केव्हाच पोचलं आहे. आम्हाला त्याबरोबर टाकी भरली की मोटर बंद व्हायला हवी होती आणि विहीर आटली तरीही. म्हणून ईएसपी32 या चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड, तयार रिले, सिमचा छोटा बोर्ड आणि जंपर वायरी जोडून पेटी केली. उन्हाळाभर ती चोख चालली. आजूबाजूच्या वाड्यांतून मागणी आली, तशाच आणखी पेट्या गेल्या.

मृग लागला आणि एकेक पेटी गप्प होऊ लागली. उघडून पाहिलं तर पिनांवर हिरवट थर चढलेला. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर खटकन ओढला की पेटी हादरायची आणि जंपर वायर केसभर सरकायची. बोटाने दाबली की चालू, झाकण लावलं की बंद. त्यात दुकानदाराकडून आलेल्या पुढच्या बोर्डांची रुंदी आणि पिनांचा क्रम वेगळा निघाला, नावावर मात्र तोच बोर्ड. प्रोग्राममध्ये दोष नव्हता. शिकण्यासाठी केलेला बोर्ड आम्ही गिऱ्हाइकाच्या भिंतीवर टांगला होता.

अशा वेळी काहीजण थेट चिपपासून सगळं स्वतः करायला निघतात. छोट्या कारागिराने ते करू नये. रेडिओ, अँटेना, क्रिस्टल, फ्लॅश मेमरी यांची जुळणी हा वेगळाच अभ्यास आहे. ती जुळणी मॉड्यूलमध्ये तयार मिळते. डेव्हलपमेंट बोर्डावर पत्र्याची टोपी घातलेला जो चौकोन दिसतो, तेच मॉड्यूल. ईएसपी32 चं वरूम-32ई हे मॉड्यूल 18 बाय 25.5 मिलिमीटरचं आहे. त्याच्या कडेला अर्धगोल खाचा असतात. आपल्या पीसीबीवर ते सपाट ठेवून त्या खाचांत सोल्डर ओढायचं. रास्पबेरी पाय पिको या बोर्डालाही अशाच खाचा आहेत, आणि तिथे खाचांमधलं अंतर मोठं असल्याने नवख्याचा हातही बसतो. रिले, टर्मिनल, वीजपुरवठा सगळं त्याच पीसीबीवर आलं की जंपर वायर हा प्रकारच उरत नाही.

पण आपल्याकडच्या हवेत एक गोष्ट फार जपावी लागते. वरूम मॉड्यूल ओलाव्याला नाजूक, तिसऱ्या पातळीचं असतं. सीलबंद पाकीट फोडलं की 168 तासांत सोल्डर व्हायला हवं, आणि तेही 60 टक्के आर्द्रतेच्या खोलीत. महाडच्या आषाढात अशी खोली कुठली? आत मुरलेलं पाणी सोल्डरच्या भट्टीच्या उष्णतेने वाफ होऊन मॉड्यूल आतून फोडू शकतं. म्हणून जोडणी उन्हाळ्यात उरकावी किंवा पीसीबी जोडून देणाऱ्याकडून करून घ्यावी. उघडं राहिलेलं मॉड्यूल उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे भाजून, कोरडं करूनच लावावं.

अँटेनाचं टोक पीसीबीच्या कडेबाहेर काढावं, त्याखाली तांबं नको. पेटी पत्र्याची असेल तर सगळी मेहनत वाया जाते, प्लास्टिकची घ्यावी. सिमचं मॉड्यूल टूजीचं असेल तर ते नेटवर्कशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. मोबाइलचा लहानसा चार्जर तिथे दम तोडतो. शिवाय जिओचं सिम त्यात चालत नाही, कारण जिओला टूजीच नाही. वायरलेस वस्तू विकायची तर केंद्राच्या डब्ल्यूपीसी विभागाची ईटीए ही मान्यता लागते. मॉड्यूलची ईटीए आधीच झालेली आहे का, आणि आपल्या पेटीला आणखी काय लागेल, हे माल मागवण्याआधी विचारावं.

सोल्डर केलेलं मॉड्यूल जागेवर बदलता येत नाही, ही तक्रार खरी आहे. म्हणून अख्खा बोर्ड प्लगच्या टर्मिनलवर बसवावा, म्हणजे वाडीतला वायरमनही स्क्रू ड्रायव्हरने तो बदलतो. प्रोग्राम भरण्याच्या जोडण्यांची टोकं बोर्डावर उघडी ठेवावीत, नाहीतर दुरुस्तीला आलेला बोर्ड हातात धरून बसावं लागतं.

22 जुलै 2021 च्या महापुरात महाडची वीज गेली आणि मोबाइलचं नेटवर्कही गेलं. म्हणून मोटर थांबवण्याचा निर्णय पेटीने स्वतः घ्यायला हवा, नेटवर्कची वाट न पाहता. आणि हाताने मोटर चालू-बंद करायचा स्विच बाहेरच्या अंगाला, पेटीच्या वायरिंगला पूर्ण वळसा घालून द्यावा. आम्ही आता तो लाल रंगाचा, ओल्या हाताने फिरवता येईल असा मोठा बसवतो.