छतावरची अक्षरे

आपल्या गावातले चर्च तुम्ही बाहेरून पाहिले असेल. आज आपण एका फार जुन्या चर्चच्या आत जाऊ या. इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचे बेट आहे. तेथील पालेर्मो शहरात राजवाड्याच्या पहिल्या मजल्यावर हे चर्च आहे. राजा दुसरा रॉजर याने ते बांधून घेतले. घुमटाखाली ११४३ हे साल ग्रीक भाषेत नोंदवलेले आहे.

आत शिरताच आधी पायांखाली पाहा. रंगीत दगडांचे तुकडे जुळवून तारे आणि वर्तुळे केली आहेत. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आहेत. भिंतींवर काचेचे बारीक सोनेरी तुकडे बसवून बायबलमधील प्रसंग रंगवले आहेत. दिवा लागला की साऱ्या भिंती झळाळतात. घुमटात येशू ख्रिस्तांचे, म्हणजे आपण ज्यांना हजरत ईसा म्हणतो त्यांचे, चित्र आहे. भोवती आठ देवदूत आहेत.

आता मान वर करा. हे छत लाकडाचे आहे, यावर चटकन विश्वास बसत नाही! मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लहान लहान कोनाडे एकाखाली एक लोंबत आहेत. या रचनेला मुकर्नस म्हणतात. स्पेनमधल्या अल्-हम्रा महालात अशीच छते आहेत, पण ती चर्चवर सहसा आढळत नाहीत. कोनाड्यांत वाद्ये वाजवणारे आणि बुद्धिबळ खेळणारे लोक रंगवले आहेत. आणि कडेकडेने अक्षरे आहेत. ती उजवीकडून डावीकडे वाचायची! ही कूफी लिपीतली अरबी आहे. राजाला आरोग्य, विजय, भरभराट लाभो, अशा त्या दुआ आहेत. त्यांतला 'बरकत' हा शब्द तर तुम्हांला अर्थ न सांगताच कळेल.

ख्रिस्ती राजाच्या चर्चमध्ये अरबी कशी आली? पालेर्मोवर सुमारे २४० वर्षे मुसलमानांचे राज्य होते. १०७२ साली रॉजरचे वडील आणि चुलते यांनी लढाई करून ते शहर जिंकले. रॉजरला मात्र जिंकलेल्या लोकांची कला हवीशी वाटली. त्याच्यासाठी पालेर्मोत विणलेल्या शाही झग्यावरही अरबी मजकूर आहे आणि साल हिजरी ५२८ दिले आहे. तो झगा आज व्हिएन्ना येथे आहे. भूगोलतज्ज्ञ अल्-इद्रीसी यांनी आपला प्रसिद्ध ग्रंथ याच राजाच्या आश्रयाने ११५४ साली पुरा केला.

हे दिवस टिकले नाहीत. तेराव्या शतकात रॉजरच्या मुलीचा मुलगा, सम्राट दुसरा फ्रेडरिक, याने बेटावरच्या मुसलमानांना घरेदारे सोडायला लावून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा येथे नेले. छत मात्र जागेवरच राहिले. ते घडवणाऱ्या कारागिरांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत.

तिथे येणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना ती अक्षरे वाचता येतात. कूफीत नुक्ते बहुधा नसतात, त्यामुळे सुरुवातीला तुम्हीही अडखळाल. कधी छताचे मोठे छायाचित्र हाती आले, तर आधी 'बरकत' शोधा.