चाळीतली सड शेतातच थांबवा

रब्बी कांद्याची काढणी तोंडावर आली आहे. ऑगस्टमध्ये चाळीत सडका, मोड आलेला कांदा निघाला की दोष चाळीला नाहीतर दमट हवेला दिला जातो. साठवणीत घट, सड आणि मोड मिळून निम्म्यापर्यंत माल जाऊ शकतो, पण त्यातले बरेचसे काढणीच्या मागच्या-पुढच्या पंधरवड्यातच ठरलेले असते. सडीचे जंतू बहुधा मानेतून किंवा जखमेतून आत शिरतात. मान जाड आणि ओली राहिली, तर हवेशीर चाळसुद्धा कांदा वाचवू शकत नाही. उशिरा दिलेल्या युरियाने माना जाड होतात, म्हणून लागवडीनंतर साठ दिवसांनी नत्र देऊच नये.

निम्म्याहून अधिक माना आपोआप पडल्या की काढणी करावी आणि त्याआधी पंधरा दिवस पाणी तोडावे. पाणी चालू ठेवले की वजन भरते, असे अनेक जण म्हणतात. भरते, पण साठवणीत ते टिकत नाही. थेट लासलगावच्या लिलावात न्यायच्या मालाला हा हिशेब एखादवेळी जमेल, चाळीच्या मालाला नाही. उपटलेला कांदा पातीसह तीन-चार दिवस शेतात वाळू द्यावा. पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल असा तो पसरावा, नाहीतर एप्रिलचे ऊन कांदा भाजून काढते. मग मानेला पीळ देऊन, तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि कांदा दहा-बारा दिवस सावलीत ठेवावा. मान चिमटीत दाबल्यावर ओल लागली नाही आणि वरचा पापुद्रा खुळखुळला, की तो चाळीत भरायला तयार झाला.

खरी अडचण मजुरांची आहे. टोळी उक्ते काम घेते आणि काढणी-कापणी एका दमात उरकू पाहते. ही अडचण खोटी नाही, म्हणूनच दर ठरवताना दोन्ही कामे वेगळ्या दिवशी बोलून घ्यावीत. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. तेही जमत नसेल, तर निदान साठवायच्या मालापुरता हा आग्रह धरावा. अवकाळीचा अंदाज असेल, तर पडलेल्या मानांचा कांदा पातीसह छपराखाली आणावा. ताडपत्री टाकावी लागली, तर उघडीप मिळताच काढावी, कारण खाली कोंडलेली वाफ पावसाइतकीच घातक असते. भिजलेला, जोड, डेंगळा आणि खुरप्याने कापला गेलेला कांदा बाजूला काढून आधी विकावा.