काचेची तार

मुलांनो, २०२० साली करोनामुळे शाळा बंद होत्या. शिक्षक मोबाइलवरून शिकवत. तेव्हा कोकणातील काही मुले रोज टेकडीवर जाऊन अभ्यास करत. का बरे? मोबाइलच्या लहरींना डोंगर अडवतो. डोंगराआडच्या गावात त्या नीट पोहोचत नाहीत. ज्यांना टेकडीवर जाणे जमले नाही, त्यांचा अभ्यास बुडाला.

यावर एक उपाय आहे. तो म्हणजे काचेची तार. तिला ऑप्टिकल फायबर म्हणतात. ती केसासारखी बारीक असते. तिच्यातून वीज नव्हे, तर प्रकाश धावतो. तो आतल्या आत परावर्तित होत दूरवर जातो. त्या प्रकाशातून अक्षरे, चित्रे आणि आवाज पोहोचतात. या तारेला डोंगराचा आडोसा होत नाही.

ही तार सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचे भारत सरकारने २०११ साली ठरवले. या योजनेला आता 'भारतनेट' म्हणतात. जिथे तार नेणे फार अवघड आहे, तिथे उपग्रहाची मदत घेतात.

पण तार ग्रामपंचायतीत आली, म्हणजे काम संपले का? नाही. तिथून ती शाळेत, दवाखान्यात आणि घरोघरी जायला हवी. रस्ता खोदताना ती तुटली, तर लगेच जोडायला हवी. गावात विहीर आहे, पण दोर आणि बादली नाही, तर तहान कशी भागेल?

तुमच्या ओळखीच्या एखाद्या गावात चौकशी करा. तार आली आहे का? ती चालू आहे का? नसेल, तर ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला मोठ्यांना सांगा.

स्वाध्याय
१. मुले टेकडीवर का जात?
२. काचेच्या तारेतून काय धावते?