काप्पेल गावचा बाजा

भजनातली पेटी तुम्ही पाहिलीच असेल. एक हात भाता हलवतो, दुसरा हात पट्ट्यांवर फिरतो. आज एका फार मोठ्या बाजाची गोष्ट वाचू. त्याचे नाव नळ्यांचा ऑर्गन.

पेटीत पितळेचे सूर बसवलेले असतात. या ऑर्गनमध्ये नळ्या असतात. काही कथील-शिशाच्या, काही लाकडाच्या. पट्टी दाबली की झडप उघडते. भात्याचा वारा नळीत शिरतो आणि नळी बोलू लागते. लांब नळीचा सूर खर्जाचा, आखूड नळीचा उंच.

जर्मनी देशात उत्तर समुद्राच्या काठी काप्पेल नावाचे खेडे आहे. तिथले चर्च ल्यूथर पंथाचे. चर्चमध्ये सर्वांनी मिळून आपल्याच भाषेत गावे, अशी मार्टिन ल्यूथर यांची शिकवण. इतके गळे एका सुरात धरायचे, तर बाजा हवाच.

सन १८१० मध्ये काप्पेलचे चर्च जळाले. गावाने नवे बांधले. पण नवा ऑर्गन म्हणजे मोठा खर्च!

हांबुर्ग शहरात सेंट योहानिस चर्च होते. तिथे सन १६८० मध्ये आर्प श्निटगर या नामांकित कारागिराने ऑर्गन बांधला होता. त्याने आधीच्या ऑर्गनच्या चांगल्या नळ्या टाकल्या नाहीत, नव्यात बसवल्या. पुढे शहर फ्रेंच फौजेच्या ताब्यात गेले. चर्चचे कोठार झाले. ऑर्गन सुटा करून ठेवला गेला. सन १८१६ मध्ये काप्पेलकरांनी तोच विकत घेतला.

मोठ्या गावांत आवडी बदलल्या, तसे कितीतरी जुने ऑर्गन मोडून नवे केले गेले. हांबुर्गमधला श्निटगरचाच एक थोर ऑर्गन सन १८४२ च्या आगीत गेला. काप्पेलमध्ये मात्र फेरफार थोडे झाले. जुन्या नळ्या गात राहिल्या.

सन १९५० च्या सुमारास हेल्मुट वाल्खा हे वादक तिथे आले. ते अंध होते. दुसऱ्याने एकेक ओळ वाजवून दाखवायची, त्यांनी ती पाठ करायची, असा त्यांचा अभ्यास. थोर संगीतकार बाख यांच्या रचना त्यांनी या ऑर्गनवर वाजवल्या. त्यांच्या तबकड्या निघाल्या. खेड्यातला सूर जगभर पोचला.

शहरात अडगळ झालेली वस्तू खेड्याने कामात ठेवली, म्हणून ती टिकली. आपल्या देवळाच्या माळ्यावरही एखादे जुने वाद्य पडले असेल. मोडीत घालण्याआधी ते जाणत्या माणसाला दाखवा.

सांगा पाहू:
१. नळीतून सूर कसा निघतो?
२. काप्पेलचा ऑर्गन का टिकला?