लॅपटॉपला सुरेल साथ : पहिला अॅम्प्लिफायर आणि स्पीकर निवडताना

आमचे वडील डॉक्टर. निवृत्तीनंतर भरपूर गाणे ऐकायचे, हा त्यांचा जुना संकल्प. टेपरेकॉर्डर बंद पडल्यावर आम्ही त्यांचा सारा संग्रह लॅपटॉपमध्ये उतरवून दिला. पण काही महिन्यांतच त्यांनी ऐकणे जवळजवळ सोडले. "तंबोरा ऐकूच येत नाही," असे ते म्हणत आणि आम्ही आवाज वाढवीत असू. वय झाले, कान गेले, असे निदान मी रुग्ण न तपासताच करून टाकले होते. पुढे श्रवणचाचणी केली, तेव्हा वयोमानानुसार वरच्या कंपनसंख्यांची थोडी घट आढळली. खालचे सूर त्यांना उत्तम ऐकू येत होते. दोष कानांत नव्हता, साधनात होता.

याचे कारण सोपे आहे. काळी एक पट्टीत मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तर तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. लॅपटॉपमधील नाण्याएवढे स्पीकर इतके खालचे स्वर पुरेशा जोराने निर्माणच करू शकत नाहीत. आवाज वाढवून केवळ कर्कशपणा वाढतो.

स्वतंत्र साधने घ्यायचे ठरले, तेव्हा आरंभी मीही खोक्यावरील हजारो वॉटच्या 'पीएमपीओ' आकड्याला भुललो आणि पैसे वाया घालवले. हा आकडा निरर्थक समजावा. 'आरएमएस' वॉट पाहावेत. तेही किती लागतात, याचा हिशेब करता येतो. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल आवाज देतो. दोन मीटरवर तो सुमारे ८० होतो आणि दोन स्पीकर मिळून पुन्हा तीनेक डेसिबलची भर पडते. घरगुती श्रवणाला एवढा आवाज भरपूर झाला. तबल्याच्या क्षणिक जोरकस थापेसाठी आणखी १५ डेसिबलची सोय ठेवली, तर सुमारे ३२ वॉट लागतात. म्हणून मध्यम खोलीसाठी प्रत्येक बाजूस ३० ते ५० वॉटचा साधा स्टिरिओ अॅम्प्लिफायर पुरतो. स्पीकर ४ ओहमचे असतील, तर अॅम्प्लिफायर तेवढ्या भारासाठी योग्य असल्याची खात्री मात्र करावी.

मर्यादित रकमेचा मोठा वाटा, माझ्या मते दोन तृतीयांश, स्पीकरवर खर्च करावा. पाच-साडेपाच इंची वूफरची चांगली जोडी प्रथम खरेदीस योग्य. जागा कमी असल्यास अॅम्प्लिफायर आतच बसवलेले 'अॅक्टिव्ह' स्पीकर घ्यावेत; पुढे एकेक भाग बदलण्याची इच्छा असल्यास दोन्ही वेगळे घ्यावेत.

लॅपटॉप जोडण्यासाठी आरंभी हेडफोनच्या छिद्रातून निघणारी साधी केबल पुरे. खरखर जाणवली, तरच यूएसबीवर चालणारा छोटा 'डॅक' घ्यावा. गुणगुण ऐकू आल्यास चार्जर काढून पाहावा. ती थांबली, तर मूळ विजेच्या जोडणीत आहे, असे समजावे. त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे म्हणजे मात्र जिवाशी खेळ.

दुकानात जाताना आपल्या परिचयाचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. मी कुमार गंधर्वांचे नेले. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावरही आमच्या इंदूरशेजारच्या देवासला राहून पुन्हा गाते झालेल्या या गायकाच्या छोट्या छोट्या स्वरवाक्यांमध्ये निःशब्द जागा असतात. त्या जागी तंबोरा स्पष्ट ऐकू आला, तर स्पीकर खरा.

घरी आल्यावर मांडणी महत्त्वाची. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर यावा आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे असावेत. या सुधारणेला खर्च नाही आणि गुण मात्र तत्काळ येतो.

शेवटी मात्रेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकावा. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती अवघी चार तास उरते. चांगल्या साधनाचा खरा लाभ हा की, कमी आवाजातही सारे ऐकू येते.

नवी जोडी लावली त्या संध्याकाळी वडील बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "जरा हळू कर. तंबोरा ऐकू येतोय."

समव्यवसायी मित्रांना एवढीच विनंती, की घरातील ज्येष्ठांच्या कानांवर ठपका ठेवण्यापूर्वी कानही तपासावेत आणि साधनही.