शंकेश्वराची रोपे ओळखा

मुळशी तालुक्यातील आमच्या कोळवण खोऱ्यात, सुगी आटोपून भातखाचरे मोकळी झाली की ओढ्याकाठच्या वाटेने जाणाऱ्याच्या धोतराला आणि शेळ्यांच्या केसांना जी आकडेदार बोंडे चिकटतात, ती शंकेश्वराची होत हे पोराबाळांनाही ठाऊक असते. परंतु तेच झाड पहिल्या पावसात माती फोडून वर येते तेव्हा जाणत्या शेतकऱ्यालाही ओळखू येत नाही, आणि या एवढ्या अज्ञानापायी आमच्या शेजारच्या गोठ्यातील एक कालवड दगावली.

सकाळी नदीकाठच्या गायरानात चरून आलेली ती कालवड दुपारी मान टाकून बसली, पुढे तिला आचके येऊ लागले, आणि गुरांचे डॉक्टर पोहोचण्यापूर्वीच तिने प्राण सोडला. सर्पदंशाचाच संशय सर्वांनी घेतला. परंतु डॉक्टरांनी गायरानाची पाहणी केली तेव्हा पूर ओसरलेल्या गाळात शंकेश्वराची दुपानी रोपे दाट उगवलेली आणि कुरतडलेली आढळली. यकृताचा घात करणारे कार्बॉक्सिअ‍ॅट्रॅक्टिलोसाइड नावाचे विष या वनस्पतीच्या बियांत व बीजपत्रांत असते. खरी पाने फुटू लागली की ते झपाट्याने घटते, आणि वाढलेल्या झाडाच्या खरखरीत पानांना गुरे सहसा तोंड लावीत नाहीत.

तेव्हा ओळख पटवावयाची ती रोपाची. त्याची बीजपत्रे लांबट, जाड, गुळगुळीत व चकचकीत असतात. त्यानंतरची पाने मात्र खरखरीत, त्रिकोणी व दातेरी येतात. तरीही शंका उरली तर रोप अलगद उपटून पाहावे: मुळाशी पुष्कळदा जुन्या बोंडाचे कवच चिकटलेले सापडते, आणि याहून खात्रीचा दाखला नाही. एका बोंडात दोन बिया असून त्यांतील एक आधी रुजते व दुसरी मागे राहते, म्हणून एकदा रान साफ केले एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

विलायती पुस्तके वाचून येणारे काही हौशी लोक याच झाडाला बर्डॉक समजतात, हे मला अधिक भयावह वाटते, कारण बर्डॉकची मुळे जपानात भाजी म्हणून खातात. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुलातील खरी. पण आपल्याकडे हिमालयात आढळणाऱ्या बर्डॉकचे पान रुंद, हृदयाकृती व खालून पांढुरके लवदार असते आणि त्याच्या आकडेदार गेंदात जांभळी फुले व पुष्कळ बिया असतात, तर शंकेश्वराचे बोंड कठीण व दोन चोचींचे असते. शंकेश्वराची गोखरूशीही गल्लत करू नये; औषधी गोखरू म्हणजे सराटा, तो तर जमिनीवर पसरणारा, पिवळ्या फुलांचा आणि निराळ्याच कुलातील.

2007 साली बांगलादेशातील सिल्हेट भागात पुरानंतरच्या टंचाईत लोकांनी शंकेश्वराची कोवळी रोपे शिजवून खाल्ली. 76 जण आजारी पडले, त्यांपैकी 19 दगावले. टाकळा, कुर्डू खुडावयास जाणाऱ्या आमच्या आयाबहिणींनी हे ध्यानी ठेवावे, आणि अनोळखी दुपानी रोप परडीत घालू नये.

दिवस लहान होऊ लागताच हे झाड फुलोऱ्यावर येते. बोंडे धरण्यापूर्वीच ते समूळ उपटावे, पहिल्या पावसानंतर गुरे गाळाच्या काठापासून दूर राखावीत, आणि विषबाधेचा नुसता संशय आला तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना बोलवावे, कारण या विषावर हमखास उतारा नाही.